रॉकर आर्म, जुने, नग पाच

पनवेल,
सोमवार, दुपार

माझा जुना दोस्त कमळाकर यास दाऊदकडून सलाम आणि रामराम, दोन्ही पोचावेत.

आईंचे गुडघे कसे आहेत? रंजितावहिनींना माझा नमस्कार सांग. द्रोणागिरीला तुझ्या दारात दुरुस्तीला आलेल्या ट्रेलरची रांग लागते, असं उरणकडून येणारे जाणारे सांगतात. ऐकून बरं वाटतं. इकडे सर्व खैरियत आहे. (हे वाक्य पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं. खालचा मजकूर वाचून तू ते खोडलंस तरी माझी हरकत नाही.) फोन का केला नाही, असं तू विचारशील. एक तर आमच्या घरात फोनवरचं माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आणि दुसरं म्हणजे फोनवर समोरच्याचं हसू ऐकू येतं. कागद हसत नाही. म्हणून हे पत्र लिहून उरणला जाणाऱ्या ओळखीच्या रिक्षावाल्याच्या हाती पाठवतो आहे.

आता मूळ गोष्ट. मस्कतच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं स्पेअर पार्टच्या खिडकीमागे बसलो, हे तुला ठाऊक आहे. पण ते इथे कोणालाच ठाऊक नाही. पनवेलला मी हेड मेकॅनिक आहे. हे मी ठरवून केलं नाही रे. पहिल्या सुट्टीत सासऱ्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्यांनी चार माणसांत सांगितलं, जावई मेकॅनिक आहे. मी गप्प राहिलो, कारण त्यांचं बोलणं मोडणं बेअदबी झाली असती. (बेअदबी टाळायला म्हणून माणूस किती खोटं पचवतो बघ.) पुढच्या सुट्टीत लोक गोष्टी ऐकायला बसले. खिडकीमागे बसणाऱ्याकडे कसल्या गोष्टी असणार? मग निझवाच्या रस्त्यावर भर उन्हात तू शेखची गाडी डब्याच्या पत्र्याचा तुकडा लावून चालू केलीस, ती मी सांगितली. तुझ्या जागी मला बसवलं, बाकी काहीही बदललं नाही. खोटं बोलतानासुद्धा मी स्टोअरकीपरच राहिलो. माल तोच ठेवला, फक्त चिठ्ठी बदलली. अशा तुझ्या तेरा गोष्टी मी वापरल्या आहेत. काही तर मी तुझ्यापेक्षा चांगल्या सांगतो, असं सायमा म्हणते. अर्थात तिने तुझ्या तोंडून त्या कधी ऐकलेल्या नाहीत.

सायमा म्हणजे माझी मुलगी, आणि अरबाज तिचा नवरा. अरबाज तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. पोरगा गुणी आहे, कष्टाळू आहे, आणि माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. या तिसऱ्या गुणाने माझा घात केला. गेल्या महिन्यात त्याने एक जुनी व्हॅन घेतली. ती वरून टक-टक-टक वाजत होती. मी खुर्चीतून उठलोही नाही, नुसतं म्हणालो, "रॉकर आर्म." (यात माझी हुशारी काही नाही. असा आवाज घेऊन आलेला माणूस खिडकीवर काय मागतो, हे मला पाठ आहे.) गल्लीतल्या गॅरेजवाल्याला दाखवलं तर तोही तेच म्हणाला. झालं! अरबाजने माझे हात हातात घेतले. चार दिवसांत त्याने रस्त्यावरचा एक गाळा बघितला, आठवड्यात बोर्ड रंगवून आणला: दाऊद ऑटो, हेड मेकॅनिक मस्कत रिटर्न. येत्या शुक्रवारी जुम्मा झाला की उद्घाटन, आणि त्याच दिवशी तो कंपनीत राजीनामा देणार. राजीनामा लिहून तयार आहे. सायमा खूश आहे, कारण त्या कंपनीच्या वासाने त्याचा खोकला जात नाही. आणि मी त्या बोर्डाकडे बघतो तेव्हा मला माझ्याच नावाची भीती वाटते.

काल रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मुहूर्ताचं काम म्हणून ती व्हॅन माझ्यापुढे उभी केली. लोकांनी घरातून खुर्च्या आणल्या. मी बिस्मिल्ला म्हणून इंजिनाचं वरचं कव्हर उघडलं. कमळाकर, बावीस वर्षांत हजारो रॉकर आर्म माझ्या हातून गेले, पण सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत. इंजिनात ते राहतात कसे, हे मी काल पहिल्यांदा पाहिलं! दांडीवर सहा जण ओळीने बसलेले, प्रत्येकाच्या खाली त्याने दाबायचा एक वाल्व्ह, आणि एकाचं तोंड झिजून खड्डा पडलेला. मी तो ओळखला आणि अरबाजला दाखवला. सगळे वाहवा म्हणाले. इथेच मी पोटात कळ आली म्हणून घरी गेलो असतो, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण वाहवा वाईट असते. मी सहाही सोडवले. आणि पार्ट हातात आल्यावर, दोस्ता, माझ्या हातांना जे येतं ते त्यांनी केलं. मी ते रॉकेलमध्ये धुतले, पुसले, तेलाचा हात लावला, आणि पाच जुने एका कागदात बांधून वर लिहिलं: रॉकर आर्म, जुने, नग पाच. सहा स्क्रू औषधाच्या बाटलीत ठेवले, स्प्रिंगा दुसऱ्या बाटलीत, प्रत्येकावर चिठ्ठी लावली. इतकं स्वच्छ काम पाहून शेजारी म्हणाले, परदेशातली पद्धतच वेगळी. मीही मान हलवली. मग अरबाजने बाजारातून नवा एक आणला आणि बसवायची वेळ आली तेव्हा मी पुडी उघडली. पाचही एकसारखे. कोण कुठला होता, हे विचारायला समोर कोणीच नव्हतं.

त्या क्षणी मला तू आठवलास. तू सोडवलेले पार्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात नंबराने खोचून ठेवायचास. एकदा संध्याकाळी तो पसारा बघवला नाही म्हणून मी सगळं काढून डब्यात नीट लावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तू कसा ओरडलास! "परतेकाची जागा ठरलेली हाय रं, तू कशाला हात लावलास?" दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटलं, आगरी माणूस आहे, डोकं गरम आहे. ते आत्ता कळलं, की जो जिथे झिजतो तो तिथेच बसतो. कळायला पंधरा वर्षं लागली, आणि तेही पन्नास माणसांसमोर.

मग काय, अल्लाहचं नाव घेऊन अंदाजाने बसवले, स्क्रू काही घट्ट, काही सैल. अरबाजने स्टार्टर मारला. बराच वेळ ती नुसतीच घरघरली, मग एकदम फट्ट असा आवाज झाला, पहिल्या रांगेतले दोन जण खुर्चीसकट मागे गेले, आणि आधी एकटा टकटकत होता त्याच्या जागी सहाही जण एकदम बोलायला लागले. मग व्हॅन मेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रुमालाने हात पुसत म्हणालो, "खास वायसर लागेल. मस्कतहून मागवतो." अरबाज सगळ्यांना म्हणाला, "बघा, अब्बा दुय्यम माल वापरत नाहीत." त्याने माझी बाजू घेतली ना, तिथे मला सगळ्यात जास्त शर्म आली. कोणी हसलं असतं तर सोसलं असतं. पोरगा माझ्यासाठी चांगली नोकरी सोडायला निघालाय आणि मला अजून तोंड उघडवत नाही.

असो. तुझा वेळ घेतला. बायकापोरांना दुआ, आईंच्या पाया पडतो. तब्येतीला जप.

तुझा नालायक दोस्त,
दाऊद

ता. क. – नुसती खुशाली कळवायला हे पत्र लिहिलं नाही, हे तू ओळखलंच असशील. गुरुवारी ये. गुरुवारी सगळे अरबाजच्या मावशीकडे जाणार आहेत, घरात फक्त माझी बायको खतीजा आणि मी. व्हॅन नीट कर. मग संध्याकाळी अरबाज आला की त्याला मोठेपणाने सांग, की दाऊदचे डोळे आणि कंबर आता या कामाला साथ देणार नाहीत, गॅरेज काढू नका. म्हणजे त्याची नोकरीही राहील आणि माझी इज्जतही.

ता. क. दुसरा – येताना नाव मात्र धर्मराज सांग. कारणही लिहितो. तू वडील गेले म्हणून घाईने मस्कत सोडलंस, त्यानंतर महिन्याने कंपनीने तुला उत्तम मेकॅनिकचं सर्टिफिकेट काढलं. सगळं अरबीत, मोठा शिक्का. तुझ्या घरी पोचवायला ते माझ्याकडे दिलं. तुझं ब्लँकेट, टॉर्च आणि दूध पावडर मी पोचवली, आईंनी पोच दिली. सर्टिफिकेट मात्र माझ्या बॅगेत खतीजाला आधी सापडलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मला बोलवेना. तिने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, यावर कमळाकर कोण? (कुरआन वाचणारी बाई, अरबी अक्षर तिच्या नजरेतून सुटेल का?) मी म्हटलं, आमचे मोठे साहेब, त्यांनी दिलं. तेव्हापासून आमच्या घरात तू कमळाकरसाहेब आहेस. तुझा फोन आला की मी उभा राहून बोलतो, ते तुला तिकडून दिसत नाही. आता साहेब व्हॅनखाली झोपलेले चालणार नाहीत. म्हणून धर्मराज. माफ कर, जमलं तर.

कमळाकरभाऊ, सलाम. मी खतीजा. पाकिटाचा गोंद गेला होता, तर भाताने चिकटव म्हणून ह्यांनी माझ्याकडे दिलं आणि असरच्या नमाजला गेले. मी वाचलं. मी खिळा ठोकला, शेजारणींना बोलावलं, आणि नाव मग वाचलं. साहेब लोक स्वतःचं नाव मधोमध एवढं मोठं लिहीत नायत, एवढं मला समजतं. पण तोवर चहा टाकला होता. मी गप बसले. हे हेड मेकॅनिक आहेत म्हणून बहिणींनाही मीच सांगितलं. म्हणून शर्म ह्यांची एकट्याची नाय. अरबाजचा राजीनामा मी काढून पिठाच्या डब्यात ठेवलाय. तुम्ही गुरुवारी या, पण तुमच्याच नावाने या. अरबाजला हे स्वतः सगळं खरं सांगतील, तुम्ही नुसते बाजूला बसा. फ्रेम पुसून ठेवली आहे, जाताना घेऊन जा. आणि एक काम करा. बावीस वर्षांत ह्यांच्या हातून एक वायसर हरवला नसेल, मी ह्यांना ओळखते. त्याचा कागद ह्यांना कोणी दिला नाय. तो तुम्ही लिहून आणा, स्टोअरकीपर दाऊद म्हणून. मराठीत लिहा, घरात येईल त्याला वाचता आलं पाहिजे.