ब्लूटूथपुढचा पिवळा त्रिकोण

रविवार संध्याकाळ, अर्विंग

ड्रायव्हर, म्हणजे ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर, अजून चालत नाहीये. आईच्या कानातली ऐकू यायची मशिनं कॉम्प्युटरच्या ज्या ब्लूटूथ कार्डाला जोडतो, त्याचा जुना ड्रायव्हर दुपारी मीच काढून टाकला. व्यवस्थित चालत होता. नवीन आलाय म्हणून अपडेट करायला गेलो, जुन्याची कॉपीसुद्धा ठेवली नाही. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. आता कार्डाच्या नावापुढे बिघाडाचा पिवळा त्रिकोण, आणि जुना ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर कुठेच नाही.

इथे परदेशात अजून रविवार, पण तिकडे नागपूरला सोमवार उजाडलाय. मावशीचं आज हार्टचं ऑपरेशन. आत नेण्याआधी ती व्हिडिओ कॉल करणार होती. आवाज थेट कानात आला तरच आईला शब्द कळतात, स्पीकरवर नुसता गलका. आई तासभर आधीच केस विंचरून समोर बसलेली. दर पाच मिनिटांनी, "झालं का रे?" मी "होतंय" म्हणत राहिलो. का म्हणत राहिलो?

कॉल आला. मावशी स्पीकरवर बोलत होती, आई हसून मान हलवत होती. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात ड्रायव्हर पुन्हा टाकत होतो, नजर त्या त्रिकोणावर. वाटत होतं, आत्ता जाईल. मग नर्स आली, मावशीने हात हलवला, कॉल संपला.

आईने विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी ऐकलंच नव्हतं. म्हटलं, "काळजी करू नकोस म्हणाली."

"एवढंच? बराच वेळ बोलत होती रे."