मागची खोली

मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तिथेच आहे. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे हे मशीनवर आणि मी कात्री घेऊन टेबलाशी. दिवसभर मान वर करायला फुरसत नाही. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

तुझी बदली झाली, पगार वाढला, चांगलंच झालं. वर्षभर आईला तुझ्याकडे ठेवून घे, असं म्हणतोस. घेतलं असतं रे. पण मागची खोली रिकामी नाही.

तुला माहीतच आहे, ती खोली आमची नाही. ह्यांच्या आजारपणात मी अकरा दिवस इस्पितळाच्या बाकावर काढले. हे वाचले, तेव्हा दोघांनी मिळून देवाला शब्द दिला की मागची खोली त्याची. पेशंटबरोबर परगावाहून आलेल्या माणसाला ती द्यायची, पैसा घ्यायचा नाही, कोण कुठला विचारायचं नाही. आपण नुसते राखणदार. त्याला सात वर्षं झाली. आता ह्यांचा स्वभाव तू जाणतोस. दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यापुढे मी काय बोलणार?

तू लिहिलंस, परक्यांना पलंग आणि आईला नकार, असं व्हायला नको. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहायला काय जातं? त्या चादरी कोण धुतं? दर माणसाला नवा साबण कोण काढून ठेवतं? गेल्या महिन्यात एक ड्रायव्हर आला होता, त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. चार दिवस राहिला. जाताना बादली घासून पालथी घातली आणि दारात उभा राहून रडला. हे तुला दिसत नाही. तुला आठवतं ते एवढंच, की तू आलास तेव्हा तुला खाली दुकानात कापायच्या टेबलावर झोपवलं आणि सकाळी तुझ्या पाठीवर खडूच्या रेघा होत्या. चार वर्षं झाली तरी ते काढतोस. काढ बाबा.

आईचंही तेच. दोन वर्षांपूर्वी आली, ती खोली पाहिली, खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ बघितली आणि म्हणाली, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस तुला पहिल्यापासूनच.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं. आज गुरुवार आहे. धाकट्याला काय लिहिलंस, असं ह्यांनी मघाशी विचारलं आणि मला सांगता येईना. म्हणून पुढे लिहिते.

खोली रिकामी आहे. तो ड्रायव्हर गेल्यापासून रिकामीच आहे. आणि ह्यांच्यावर ढकललं तेही खोटं.

तुझं पत्र वाचून ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. रविवारी मी चादर झटकायला गेले तर पलंग बुटका दिसला. मला वाटलं, आता माझे डोळेही गेले. ह्यांनी माझ्या पाठीमागे सुताराला बोलावून पलंगाचे चारही पाय चार-चार बोटं कापून घेतले होते. बसल्यावर आईचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. न्हाणीघरात धरायला दांडाही बसवलाय.

मी खूप भांडले. देवाला दिलेली वस्तू परत घेता का, असं म्हणाले. हे गळ्यात टेप तसाच ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "खोली त्याची म्हणतेस, आणि कोण यायचं ते तू ठरवतेस?"

तेव्हापासून मी त्यांच्याशी धड बोललेली नाही.

आता खरं ते लिहिते. तुझ्या बायकोला हे वाचून दाखवू नकोस. ड्रायव्हर चार दिवसांनी गेला. सगळेच जातात. जाताना हात जोडतात, आणि मला आठवडाभर बरं वाटतं. आई जायची नाही आणि हातही जोडायची नाही. ती रोज चौकटीवरून बोट फिरवेल. परक्याला दिलं की दान होतं. आईला दिलेलं कुणी दानात धरत नाही, बहुतेक देवसुद्धा नाही. सात वर्षं त्याची खोली राखते म्हणत आले आणि राखली ती माझ्या त्या बरं वाटण्यासाठी. मला लाज वाटते. चीडही येते. तुझी येते, ह्यांची येते, त्या बुटक्या पलंगाची येते, आणि सगळ्यात जास्त माझी येते.

पुढच्या रविवारी आईला घेऊन ये. तिची उशी आठवणीने आण, दुसरीवर तिला झोप लागत नाही. ताई तुला ठेवून घेतेय असं तिला सांगू नकोस. तुझी खोली तयार आहे, एवढंच सांग. चौकट मी पुसून ठेवीन, तरी तिला धूळ सापडेलच.

आणि इस्पितळातून कुणी आलंच, तर त्याला आमची खोली देऊ. कापायच्या टेबलावर आता आम्ही दोघं झोपू. खडू पाठीला लागला तर लागला.

तुझी, नुसती राखणदार,
ताई