तळाचं पाणी कोंडलंय

प्रिय मंजू,

सगळ्यात आधी टपकला तो महादेव, तुझ्या बाबाचा मावसभाऊ, कॉटन ग्रीनचा. जेवून या म्हटलं होतं, तर हा सकाळच्या चहालाच दारात. मग वडाळ्याच्या कौसल्याबाई, तुझ्यासाठी बघितलेल्या मुलाची आई, नि तिचे दोन दीर. मुलगा आलाच नाही, नि तुला कोणी कळवलंच नव्हतं. लग्न ज्यांचं ते दोघे गैरहजर, नि बाकी सगळे आपल्या लालबागच्या एका खोलीत गुडघ्याला गुडघा लावून. तुझ्या आईला पोह्यांच्या बशा घेऊन टेकायलाही जागा नाही. मी आपली खाटेवर.

कौसल्याबाईने विचारलं, पोरगी करते काय? तुझा बाबा म्हणाला, समुद्राचं काहीतरी. मग मीच सांगितलं, तू गणपतीत बादली घेऊन दाखवलंस तसं. गार पाण्यावर हळूच कढत ओतलं तर ते वरच राहतं, हात घालून ढवळल्याशिवाय तळ गारच. म्हटलं, आपल्या समुद्राचंही तसंच होत चाललंय. पूर्वी थंडीत तिकडे उत्तरेला वरचं पाणी गार व्हायचं, जड होऊन खाली जायचं, जाताना हवा घेऊन जायचं. आता वरचं तापलेलंच राहतं, त्याचं झाकण बसतं, खाली हवा पोचत नाही, मासळी गुदमरून वर पळते. आमची मंजू बोटीवरून त्या तळाचं पाणी काढते नि त्यात हवा किती उरली ते मोजते. बाई म्हणाली, छान हो, पण लग्नानंतर बोट बंद. पाणी मोजायला आमच्याकडे नळ आहे. सगळे हसले. तुझा बाबाही हसला.

कोंडणं मला नवं नाही गो. संप झाला तेव्हा तुझे आजोबा याच खोलीत मिल उघडायची वाट बघत बसले, भिंतीकडे तोंड करून. गावी चला म्हटलं तर येईनात, उद्या भोंगा झाला तर? तुझी कांताआत्या तेव्हा नर्सिंग शिकत होती. घरात एक तोंड कमी म्हणून तिची सुपारी फोडली, ती ड्युटीवर असताना. संध्याकाळी घरी आली तर लग्न ठरलेलं. अजून माटुंग्याला घरात कोणाला ताप आला की नाडी बघते, तेवढीच तिची नर्सिंग.

तर महादेव म्हणाला, पोरगी नसली म्हणून काय झालं, थोरांनी सुपारी फोडली की ठरलं. तबक आलं, सुपारी आली, अडकित्ता काही सापडेना. अख्ख्या मजल्यावर विचारून झालं, पण हल्ली सगळे पुडीतली खातात, अडकित्ता ठेवतो कोण? महादेव म्हणाला, वरवंट्याने फोडू. कौसल्याबाई भडकली, शुभाची सुपारी ठेचतात होय? मला म्हणाले, आजी, जरा उठा, खाटेवर बघू दे. मी म्हटलं, माझे गुडघे धरलेत. मंजू, लोखंडी अडकित्त्यावर इतका वेळ बसणं सोपं नाही, पण इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. बाईला हा अपशकुन वाटला. म्हणाली, आता पोरीला समोर बसवून, ओटी भरूनच सुपारी फोडायची.

फोनवर सांगितलं असतं, पण या खोलीत शिंकलं तरी सगळ्यांना कळतं. म्हणून दुसरीपर्यंतच्या शाळेवर लिहितेय नि तुझ्या गोव्याच्या बसवर ड्रायव्हर असतो त्या शेजारच्या लवूच्या हाती देतेय. तुझा बाबा वाईट नाही, घाबरलाय. चाळ पाडायच्या आत तुझं व्हावं म्हणतो. तो फोन करील की आजी सिरीयस आहे, असशील तशी ये. मी पडून कण्हायचं असं ठरलंय, मला तसं बजावूनही झालंय. मी कण्हेन, चांगली मोठ्याने कण्हेन. तू येऊ नकोस. बुधवारी बोट सुटेल तेव्हा तू बोटीवर अस. मंडळी पुन्हा येणार ती गुरुवारी.

तुझीच, ठणठणीत,
तुळसाआजी