वारा पडल्यावर काढलेला फोटो

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून पत्र. मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली म्हटलं, तर तुम्ही अभिनंदन केलंत.

घरांचे बाहेरून फोटो काढून कुणाचं पोट भरतं का, असं विचारलं होतंत. भरतं. सोबत पुरावा जोडला आहे. हे पिवळं दुमजली घर आमच्या एजंटच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलंय, आणि खाली बारीक अक्षरात का होईना, माझं नाव आहे. भिंग घ्या म्हणजे दिसेल.

तुम्ही गवंडी, तेव्हा कामाची रीत विचारणारच. दुपारच्या उन्हात घर रापल्यासारखं दिसतं, म्हणून सूर्य बुडाल्यावरची वीस मिनिटं धरायची. आकाश निळं असतं आणि घरातले झाडून सगळे दिवे लावायचे, अगदी न्हाणीघरातलासुद्धा. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एक फोटो खिडक्यांच्या उजेडासाठी, एक भिंतीसाठी, एक आकाशासाठी, आणि मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकावर एक बसवायचे. मध्ये एखादं पान हललं तरी भुरकट दिसतं. त्यामुळे या फोटोच्या वेळी वारा पडेपर्यंत मी पाऊण तास फाटकाशी उभी होते आणि डासांनी माझी मेजवानी केली. मग फोटोतल्या विजेच्या तारा पुसल्या, हिरवळ थोडी हिरवी केली, घराच्या उभ्या रेषा सरळ केल्या. कॅमेरा वर वळवला की भिंती तिरक्या दिसतात, त्यामुळे ते दरवेळी करावंच लागतं.

कौतुक करायला हरकत नाही. औषधं वेळेवर घ्या, आणि या लेकीवर लोभ राहू द्या.

तुमची,
मुंगी

---

ता. ८ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. आ.

बातमी आधी सांगतो, कारण तुला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे. बदली पक्की झाली. एक तारखेपासून मी तुझ्याच शहरात असेन. आणि घरही ठरलं. एजंटच्या पुस्तिकेतलं मुखपृष्ठ पाहिलं आणि तुझ्या वहिनीने बोट ठेवलं ते उचललंच नाही. खाली तुझं नाव वाचल्यावर तर विषयच संपला. शनिवारी संध्याकाळी धावत येऊन अर्धा तास आतून बघितलं. तुला भेटायला वेळ झाला नाही, रागावू नकोस. घर छान आहे. दारं आपोआप मिटतात. वहिनी म्हणते हे उत्तम, कारण मी जन्मात कधी दार लावलेलं नाही.

सह्या सव्वीस तारखेला आहेत. खालची उजव्या बाजूची खोली बाबांसाठी ठेवली आहे. पण त्यांना इतक्यात चकार शब्द सांगू नकोस. बदलीची बोलणी चालू असताना तुझ्याच शहरात बघितलेल्या मागच्या दोन्ही घरांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. पहिल्याचा गिलावा पोकळ, दुसऱ्याचा पाया कच्चा. भिंतीवर टकटक करायची, मान हलवायची आणि परतीची गाडी पकडायची. मी आता त्यांच्या पसंतीला उभा राहत नाही. सह्या करून मगच न्यायचं, असं आम्ही ठरवलंय.

तू ते घर उजेडात पाहिलं आहेस, पाऊण पाऊण तास पाहिलं आहेस. ठीक आहे ना, एवढंच एका ओळीत कळव. तुझा शब्द मला पुरे.

तुझा,
दादा

---

ता. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. उ. आ.

फोटो मिळाला. शेजारच्या मास्तरांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला, पोस्टमनला तर दोनदा दाखवला. भिंग घेऊन तुझं नावही वाचलं.

आता एक विचारतो. वरच्या गॅलरीतून एक कुंडी लांब साखळीने खाली सोडली आहे. ती साखळी तिरकी का आहे? मी आधी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. शिवणाचा दोरा घेतला आणि फोटोवर भिंतीच्या कडेला लावून पाहिला. भिंत अगदी सरळ आहे. मग साखळीला लावला, तर खालच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा फरक. वारा असेल म्हणावं, तर वारा पडेपर्यंत थांबले असं तूच लिहिलं आहेस. वारा नसताना लोंबती साखळी सरळ खालीच जाते, त्यात कुणाचं काही चालत नाही. मग साखळी सरळ धरली तर भिंत उजवीकडे झुकलेली निघते.

कुणाचं घर आहे मला माहीत नाही, आणि मला काय करायचंय असं तू म्हणशील. पण जो ते घेईल त्याची माणसं त्यात राहणार. माझा ओळंबा पार्सलने पाठवतो आहे. लहानपणी तू त्याच्या पितळी लट्टूला भोवरा समजून हट्ट धरायचीस, तोच. वरून दोरी सोड आणि खाली मोज. जमलं नाही तर तसं कळव.

तुझे,
बाबा

---

ता. १३ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. उघडलेलं नाही.

तुमचं पत्र आणि दादाचं पत्र एका दिवशी हातात पडलं. सांगू नकोस म्हणाला होता, पण न सांगून मला झोप लागत नाही. ते घर दादा घेतो आहे. सव्वीसला सह्या. खालची उजवी खोली तुमची.

आता मला सांगा, मी काय करू? पहिल्यांदा तुमचाच राग आला. म्हटलं, बाबांना कुठलंही घर पसंत पडायचं नाही, आता फोटोतलंसुद्धा पडेना. साखळी तिरकी दिसते ती कॅमेऱ्याच्या भिंगामुळे, असं मी स्वतःला दोन दिवस पटवलं. काल मूळ फोटो उघडला, काहीही न केलेला. त्यात साखळी सरळ आहे आणि भिंत कलती आहे. बाबा, मला त्या दिवशीही कळायला हवं होतं. मी भिंत सरळ केली तेव्हा शेजारचं घर डावीकडे कलंडलं होतं. मला ते विचित्र वाटलं, आणि मी काय केलं असेल? शेजारचं घर कापून टाकलं. विचार करण्यापेक्षा कापणं सोपं होतं.

एजंटला विचारलं. तो म्हणाला, आकाश आणि तारा हे तुमचं काम, भिंती नव्हे. पुढची सहा घरं दुसऱ्या कुणाला द्यायची का, हेही त्याने हसत हसत विचारलं.

दादाला तुम्ही लिहा. तुम्ही गवंडी आहात, तुमचं तो ऐकेल.

तुमची,
मुंगी

---

ता. १६ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. उ. आ.

मी लिहिलं तर तो ऐकणार नाही, आणि त्यात चूक त्याची नाही. जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. मागच्या दोन्ही घरांत काही खोट नव्हती. गिलावा पोकळ नव्हता, पाया कच्चा नव्हता. मला यायचं नव्हतं. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून भिंतीवर टकटक केली आणि मान हलवली. चाळीस वर्षं जो शब्द जपला तो मी असा उडवला. आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्याजवळ तो शिल्लक नाही. तुझ्याजवळ आहे.

नुसतं सांगून भागणार नाही, दाखवावं लागेल. गिलावा तपासताना आम्ही कंदील समोर धरत नसू. समोरून उजेड टाकला की कसलीही भिंत गुळगुळीत दिसते. कंदील भिंतीला टेकवून धरायचा, म्हणजे उजेड तिला चाटत जातो आणि प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. तुझ्याकडे कंदिलाहून भारी वस्तू आहेत. सकाळचं तिरपं ऊन धर, ते नसेल तर तुझा दिवा बाजूने लाव. आणि कॉम्प्युटरवर काहीही सरळ करू नकोस.

पार्सल उघड. मी इथे रोज तारीख बघतो आहे.

तुझे,
बाबा

---

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तू एका ओळीत उत्तर मागितलं होतंस. ती ओळ अशी: सही करू नकोस.

सोबत दोन फोटो आहेत. पहिला काल सकाळी सातला काढला, ऊन उजव्या भिंतीला घासून जात होतं तेव्हा. पहिल्या मजल्याच्या खिडकीखालून जोत्यापर्यंत तिरपी गेलेली रेघ बघ. ती भेग बुजवून वर रंग दिलाय. संध्याकाळी समोरून ती मला दिसली नव्हती. दुसऱ्या फोटोत बाबांचा ओळंबा आहे. वरच्या कठड्याशी दोरी भिंतीला टेकली आहे आणि खाली भिंतीपासून साडेचार इंच लांब आहे. पट्टी धरलेला हात माझाच आहे. दारं आपोआप का मिटतात, ते आता कळलं असेल. ज्या बाजूला घर खचतं आहे तिथेच बाबांची खोली आहे.

दादा, हे घर वाकडं आहे आणि मी ते सरळ करून तुला दाखवलं. मुद्दाम नव्हे, सवयीने. पण करताना काहीतरी खटकलं होतं आणि मी तिकडे काणाडोळा केला. मुखपृष्ठाचं मला फार अप्रूप होतं. एजंटला हेच दोन फोटो दिले आणि मुखपृष्ठ मागे घ्यायला सांगितलं. त्याने पुढची कामं काढून घेतली.

हे बाबांनी ओळखलं, पण बाबांसाठी म्हणून लिहीत नाहीये. माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः येऊन मोज. सव्वीसच्या आत ये. लोभ असावा, असं आपण दरवेळी लिहितो. या वेळी मी तो खरंच मागते आहे.

तुझी,
मुंगी

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पहिला विचार आला की तुम्ही मुंगीला फितवलंत. तसं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. तुमच्या सूनबाईने माझी बॅग भरून दारात ठेवली.

काल जाऊन आलो. मुंगी पट्टी धरायला आली होती, पण मी तिला फाटकाबाहेर उभं केलं आणि ओळंबा माझ्या हाताने सोडला. तीनदा सोडला. तीनही वेळा साडेचार इंच. नंतर तुमच्या होणाऱ्या खोलीत बसलो, खिशातलं पेन जमिनीवर ठेवलं, तर ते आपलं आपण उजव्या भिंतीपाशी जाऊन थांबलं. व्यवहार मोडला. बाहेर आलो तर मुंगी फाटकाला धरून रडत होती. तिला चहाला नेलं.

आता एक तारीख पाच दिवसांवर आहे आणि घर नाही. पण तुम्हाला लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. चहा पिताना मी तिला विचारलं, बाबांनी ही खोट नुसत्या फोटोवरून पकडली, मग मागच्या दोन घरांतही खरंच काही होतं का. ती म्हणाली, ते बाबांनाच विचार.

म्हणून विचारतो. होती का खोट?

आपला,
थोरला

---

ता. २७ फेब्रुवारी

चि. थोरल्यास व सूनबाईंस अ. उ. आ.

नव्हती.

तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ लिहितो. मला तुमच्या घराची भीती वाटली नाही, त्यात मी कसा बसेन याची वाटली. ऐकू कमी येतं. सगळे माझ्याशी ओरडून बोलणार आणि मी न कळताच हसत राहणार, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं. इथल्या भिंती माझ्या हातच्या आहेत, त्यांच्याशी बोलावं लागत नाही. म्हणून तुझ्या दोन चांगल्या घरांवर मी खोटा आळ घेतला. तुला किती धावपळ पडली असेल, हे मला त्या खचलेल्या घराचं कळल्यावर उमगलं. माझं न ऐकता तू तिथे गेला असतास, तर तो दोष माझाच असता. मला क्षमा कर.

मुंगीला काही बोलू नकोस. ओळंबा तिच्याकडेच राहू दे.

दुसरं घर, ज्याचा पाया मी कच्चा म्हणालो होतो, त्याचं काम फार चोख आहे. ज्या कुणी बांधलं त्याचा हात हातात घ्यावा असं मला तेव्हाही वाटलं होतं. मागे उत्तरेकडे खिडकी असलेली एक लहान खोली आहे. ते घर अजून रिकामं असेल तर सही करून टाक. मला आधी दाखवायला नेऊ नकोस.

मी ट्रंक काढून आवरायला घेतली आहे. बोलताना माझ्याकडे तोंड करून बोलत जा, म्हणजे ओठ पाहून कळतं. लोभ ठेवा.

तुझे,
बाबा