सत्काराचा नारळ

दादा,

स्टेजचे लाईट चालवायचा डबा टीव्हीखाली ठेवलाय. आजचा प्रयोग तू एकट्याने सांभाळ, मी कमळमावशीकडे जोगेश्वरीला चाललेय. फोन करू नकोस, उचलणार नाही.

पांढरी वायर लॅपटॉपला, काळी पहिल्या लाईटला. शेवटच्या लाईटच्या मागे ती छोटी पिन खोचायला विसरलास तर सगळे लाईट फडफडतील. चौथं बटण अडकतं, हळू सरकव.

खरं तर हे तुला माहीत असायला हवं ना? काल मंडळाच्या सत्कारात तूच माईकवर म्हणालास, डबा मी घरी बनवला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. चार महिने सोल्डरिंग करून बोटं माझी भाजली, आणि भाषणात मी आले ती फक्त 'घरच्यांचा पाठिंबा' म्हणून. त्या बोटांना रोज खोबरेल लावणाऱ्या आईनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

तुझी शाल घडी घालून कपाटात ठेवलीय. नारळ मात्र मी फोडला. त्याची सोलकढी केलीय, फ्रीजमध्ये आहे. कुणी विचारलं तर तूच केलीस म्हणून सांग.

जान्हवी