फोटोतली वळलेली मान

दवनीवाडा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००८

नाव चालवायचं लायसन नवं करायला आज गोंदियाला गेलो, पण तिथल्या साहेबानं फोटोच परत केला. मान उजवीकडे वळली आहे म्हणे! फोटोवाला ओरडून राहिला होता, "भैया, सामने देखो." मी सामनेच पाहत होतो. निदान मला तसंच वाटलं.

वैनगंगेत ओंडका वाहून येतो का, म्हणून नजर कायम वरच्या धारेकडे. पलीकडे जाताना ती उजव्या हाताला, परत येताना डाव्या. या मानेला आता सरळ राहायला कसं सांगू?

साहेब म्हणाला, "पूल बनून राहिला, आता लायसन कायले पाहिजे?" मी फोटो उचलून खिशात घातला.

घरी बायकोनं फोटो पाहिला अन् हसली. "झोपेतबी तुमची मान अशीच रायते. रात्री उजवीकडं, पहाटे डावीकडं."

म्हणजे रोज रात्री मी पलीकडे जातो, अन् पहाटे परत येतो? कोणाला पोचवून येत असेन?

उद्या सरळ मानेचा फोटो काढीन. हा इथंच, वहीत चिकटवतो. पुलावरून सगळे सरळ पाहत निघून जातील. पाण्याकडे पाहणारा एक तरी माणूस राहू दे.