बिनकामाची फौज

३ नोव्हेंबर १९६८
आजपासून डायरी. मिलिटरी पेन्शनर माणसाने शिस्त सोडता कामा नये. उजव्या हाताची बोटं सकाळी सुजतात, मूठ वळत नाही. किरकोळ आहे. मळवलीची हवाच दमट. तरी बायकोच्या, लीलाच्या समाधानासाठी उद्या लोणावळ्याला डॉक्टरांकडे.

४ नोव्हेंबर
डॉक्टर तरुण आहेत, पण बरे. म्हणाले, हवालदारसाहेब, रोगजंतूंशी लढायला शरीरात एक फौज असते. तुमची चुकून तुमच्याच सांध्यांवर तुटून पडली आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिची नासाडी चालू आहे. एकदा गेली की भरून येत नाही. फौजेचा जोर उतरवायला रोज गोळी.
आपलेच जवान आपल्याच चौकीवर? माझ्या हाताखाली असं कधी घडलं नाही. आणि स्वतःच्या फौजेची हत्यारं मी काढून घेऊ? गोळ्यांची बाटली फडताळात.

७ नोव्हेंबर
विचारांती निदान पक्कं. जवान रिकामे बसले की आपसात मारामाऱ्या करतात. बराकीत हेच पाहिलंय. उपाय सोपा. त्यांना खरा शत्रू द्यायचा.
संध्याकाळी हेडमास्तर आले. २६ जानेवारीला शाळेचा झेंडा माझ्या हस्ते! गावात मिलिटरीवाल्याला हा मान पहिल्यांदाच. तोवर हात एकदम फिट.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या नथूला सर्दी. मुद्दाम त्याच्या घोंगडीत शिरून त्याच्याच कपातून चहा प्यालो. तो म्हणाला, आबा, लांब बसा, तुमाला बी व्हईल. म्हटलं, त्यासाठीच आलोय. घाबरून आत गेला.

२२ नोव्हेंबर
सर्दी झाली नाही. काय कडक फौज! अभिमान वाटला. मनगटही सुजलंय, ते वेगळं.

८ डिसेंबर
देवी टोचायला सरकारी माणसं आली. एकदा टोचून घेतलं. टोपी बदलून पुन्हा रांगेत. पकडला गेलो. लीला म्हणाली, अवं, लोक सुईच्या भ्यानं डोंगरात पळत्यात, अन् तुमी दोनदा हात फुडं करताय? मोहीम गुप्त असल्याने टोपी सरळ केली आणि घरी निघालो.

११ डिसेंबर
ताप! फौज कामाला लागली. बोटं आज कमी दुखतात, असं म्हणायला हरकत नाही.

२ जानेवारी १९६९
हरकत आहे. शर्टाची बटणं लीला लावते. तिला आवड आहे. आज तिला फडताळात भरलेली बाटली सापडली. म्हणाली, गोळ्या का खाल्ल्या न्हाई? म्हटलं, रिझर्व्ह फोर्स आहे. रडायलाच लागली. मला वाईट वाटलं, पण डावपेच बायकांना समजावणं कठीण.

२० जानेवारी
सॅल्यूटची प्रॅक्टिस. हात कानापर्यंतच जातो. टोपी तिरकी घातली की भागतं.

२६ जानेवारी
झेंड्याची दोरी ओढायला गेलो. बोटं दोरीवर मिटेनात. अख्खी शाळा वर बघत उभी. हेडमास्तर खाकरले. म्हटलं, दोरी दवाने भिजली आहे. शेवटी बायकांच्या रांगेतून लीला आली आणि माझ्याकडे न बघता तिने झटका दिला. झेंडा फडकला, फुलं माझ्या टोपीवर पडली. टाळ्या झाल्या. फार लाज वाटली.

२७ जानेवारी, रात्री
डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मनगटात हाडांमध्ये फट दिसायला हवी, माझ्यात दिसत नाही. हाडाला हाड लागलंय. फौजेला शत्रू पुरवण्याची योजना मी सविस्तर सांगितली. वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, टोचल्याने काही बिघडलं नाही, औषध न घेतल्याने बिघडलं. उजवं मनगट पूर्वीसारखं होणार नाही. आजपासून गोळ्या घेतल्या तर डावं वाचवता येईल.
घरी येताच कारवाई सुरू केली. बाटलीचं झाकण फिरेना. लीलानं फिरवलं, लीलानंच गोळी जिभेवर ठेवली. मी तोंड उघडलं.